एका तारखेचे साक्षीदार

यंदाच्या गणेशोत्सवात मंडपाच्या कमानीवर ‘८० वे वर्ष’ असा फलक लावायचे आषाढातल्या बैठकीत ठरले होते. फ्लेक्स छापूनही आला. स्मरणिकेसाठी मंडळाचा थोडक्यात इतिहास लिहायला आम्ही बसलो, तेव्हा आमच्यातल्याच एकाने सहज विचारले, “आपली स्थापना १९४६ ची, हे आपल्याला कुणी सांगितलं?”

उत्तर सोपे होते. दारावरच्या पाटीवर लिहिले आहे. पाटीवर कुठून आले? सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतून. तिच्यात कुठून आले? १९७० च्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतून. आणि त्या स्मरणिकेत? इथे सगळेच गप्प झाले. १९९५ चा सुवर्णमहोत्सव, करोनामुळे घरच्या घरी उरकलेला २०२० चा अमृतमहोत्सव आणि यंदाचा फ्लेक्स, सगळे १९७० सालच्या एका ओळीवर उभे होते. त्या ओळीखाली काय आहे, हे पन्नासहून अधिक वर्षांत कुणी पाहिले नव्हते.

आम्ही चौघे इतिहासाचे पदवीधर नाही. एक बँकेतून निवृत्त, एक शाळेत शिक्षिका, एकाचे दांडिया बाजारात दुकान, आणि हे लिहिणारा हात मार्ग-मकान खात्यातल्या डिप्लोमावाल्याचा, ज्याचे आयुष्य साइटवर लेव्हल घेण्यात आणि कचेरीत फायलींवर टिपणी लिहिण्यात चालले आहे. पण बडोद्याच्या मराठी माणसाला या बाबतीत तक्रारीला जागा नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई हेही नोकरदारच होते. १८८९ मध्ये ते सयाजीराव महाराजांच्या सेवेत आले, वाचक म्हणून राहिले, राजपुत्रांना शिकवले आणि ती नोकरी सांभाळून याच गावात त्यांनी रियासतींचे लेखन सुरू केले. १९२५ मध्ये निवृत्त होऊन ते कामशेतला गेले. पुढे त्यांनीच पेशवे दप्तराचे ४५ खंड संपादून काढले. तेव्हा आपल्याला जमेल तेवढे आपण शिकावे, असे आम्ही ठरवले. एका गोष्टीबद्दल चार ठिकाणी चार प्रकारची माहिती सापडली, तर इतिहासकार ती एकत्र कशी करतात? त्यासाठी आम्ही सर्वांच्या ओळखीचे एक उदाहरण धरले, ते म्हणजे शिवाजी महाराजांची जन्मतारीख.

१६२७ की १६३०?

आज १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शाळकरी मुलालाही पाठ असते. पण आपल्या पणजोबांच्या पाठ्यपुस्तकात १६२७ हे साल असे. शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया ही ती तिथी. मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीत ती येते. ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला, त्यातही साल १६२७ च. पुढच्या अनेक पुस्तकांनी तेच उचलले. जदुनाथ सरकारांसारख्या कसलेल्या इतिहासकारानेही १९१९ च्या आपल्या शिवचरित्रात १६२७ धरले होते.

फरक तीन वर्षांचाच, पण तो लहान नाही. १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली अफजलखानासमोर उभे राहिलेले महाराज २९ वर्षांचे होते की ३२ वर्षांचे? राज्याभिषेकाच्या वेळी ४४ की ४७? निधनाच्या वेळी पन्नास की जवळजवळ त्रेपन्न? स्वराज्याच्या आरंभीच्या हालचाली कोणत्या वयाच्या मुलाने केल्या, हा प्रश्नही याच तीन वर्षांवर हलतो.

मग १६२७ का सुटले? नुसती डोकी मोजली, तर बाजू १६२७ चीच भारी होती. एका पारड्यात कितीतरी छापील पुस्तके होती, आणि दुसऱ्या पारड्यात बराच काळ काहीच नव्हते. पण पहिल्या पारड्यातली पुस्तके नीट पाहिली, की ती बहुतेक एकमेकांकडूनच घेतलेली निघतात. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे, तर एकाच दाखल्याच्या दहा झेरॉक्स म्हणजे दहा दाखले नव्हेत. मूळ दाखला एकच, आणि तो कधीचा? चिटणीसांची बखर साताऱ्यास एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिली गेली, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. बखरकाराने खोटे लिहिले असे कुणी म्हणत नाही. पण तो जे सांगतो ते त्याने पाहिलेले नव्हते, आणि त्याला सांगणाऱ्यांनीही पाहिलेले नव्हते.

तीन गावांचे तीन साक्षीदार

पारडे फिरले ते तीन साधनांमुळे, आणि ही तिन्ही साधने स्वभावाने अगदी वेगळी आहेत.

पहिले साधन जेधे शकावली. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात ती जपलेली होती. लोकमान्य टिळकांना ती मिळाली आणि १९१६ च्या सुमारास भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तातून त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे सालवार नोंदी. तिच्यात कथा नाही, वर्णन नाही, कुणाची स्तुती नाही. अमुक शक, अमुक महिना, अमुक तिथी, अमुक घडले, एवढेच. तिच्यात महाराजांचा जन्म शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरी असा नोंदला आहे.

दुसरे साधन कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’. हे संस्कृत काव्य, आणि कवी महाराजांच्या पदरचा. त्याची पोथी तंजावरला सापडली आणि स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये ती प्रसिद्ध केली. कवीने शक आकड्यात न लिहिता जुन्या रीतीने शब्दांत गुंफला आहे. भू म्हणजे १, बाण म्हणजे ५, प्राण म्हणजे ५, चंद्र म्हणजे १. असे शब्दांक नेहमी उजवीकडून डावीकडे लावायचे असतात. इथे मजा अशी, की १५५१ हा आकडा कुठूनही वाचला तरी तोच राहतो. महिना, पक्ष आणि तिथी शकावलीशी जुळतात.

तिसरे साधन राजस्थानातले. जोधपूरच्या एका जुन्या कुंडलीसंग्रहात मोठमोठ्या राजेरजवाड्यांबरोबर शिवाजी महाराजांचीही कुंडली सापडली. तिच्यावर विक्रम संवत १६८६ आहे, आणि तिथी तीच, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार.

आता या तिघांना एकत्र कसे आणायचे? इथेच साधनांची बेरीज करणारा आणि इतिहास लिहिणारा यांच्यातला फरक दिसतो. बेरीज करणारा म्हणेल, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला एक, विषय संपला. इतिहासकार आधी प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारतो. तुला हे कुठून कळले? तू केव्हा लिहितो आहेस? यात तुझा काही मतलब आहे का?

शिवभारतकार दरबारी कवी आहे. नायकाचा पराक्रम, शत्रूचे सैन्य, युद्धाचे वर्णन यांत तो हात सैल सोडणार हे धरूनच त्याला वाचावे लागते. पण जन्माची तिथी तीन वर्षे पुढे ढकलून त्याला काय मिळणार होते? शिवाय तो महाराजांच्या हयातीत लिहितो, आणि ज्यांना खरे माहीत होते अशांनी ते काव्य ऐकायचे होते. म्हणजे हाच साक्षीदार एका प्रश्नावर जपून ऐकावा असा, तर दुसऱ्या प्रश्नावर भरवशाचा. साधन चांगले की वाईट असे एकदम ठरत नसते. ते कोणत्या प्रश्नाला चांगले, हे पाहावे लागते.

शकावलीचे उलट. ती कोरडी, म्हणून तिच्यात रंग भरलेला नाही. पण कोरडी आहे म्हणून ती चुकणारच नाही असेही नाही. नोंद उतरवणाऱ्याचा हात चुकू शकतो. मात्र कारीच्या देशमुखांच्या घरातला कागद, तंजावरची पोथी आणि जोधपूरच्या ज्योतिष्याचा संग्रह, या तिघांनी एकमेकांकडे पाहून लिहिले असे मानायला जागा राहत नाही. एकाच्या हातून चूक होईल. शेकडो कोसांवरच्या तिघांच्या हातून एकच चूक कशी व्हावी?

वार विचारा

याच्याही पुढची एक कसोटी आहे आणि आम्हाला ती सर्वांत आवडली, कारण ती कागदाबाहेरची आहे. तिथी, वार आणि नक्षत्र या तीन गोष्टी माणसाच्या मर्जीने जुळत नाहीत. चंद्र-सूर्य कुणाच्या पदरी नसतात. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या दिवशी खरोखर शुक्रवार होता का? गणित करून पाहिले तर होता. चंद्र हस्तात होता का? होता. पुढच्या काळात कुणी मनाने तारीख रचली असती तर वार फसण्याचा संभव मोठा. सर्व्हेच्या कामात लेव्हल घेत घेत आपण दोन मैल गेलो, तरी शेवटी ज्या बेंचमार्कवरून निघालो त्यावर परत येतो आणि आकडा जुळतो का ते पाहतो. इतिहासकारासाठी पंचांग हा असाच बेंचमार्क आहे.

पण पंचांगात खड्डेही आहेत, आणि वेगवेगळ्या भाषांतली साधने जोडताना माणूस तिथेच पडतो. शके १५५१ मध्ये ७८ मिळवले की १६२९ येते. मग १६३० कसे? शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि फाल्गुनात संपते. जानेवारी ते चैत्रापर्यंतच्या तिथींसाठी ७८ नव्हे, ७९ मिळवावे लागतात. एवढी गोष्ट विसरली की अख्खे वर्ष हातचे जाते.

दुसरा खड्डा इंग्रजी तारखेचा. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची आहे. इंग्रजांनी नवी पद्धत १७५२ मध्ये घेतली. त्याआधीची सुरत, राजापूर, मुंबईची इंग्रजी पत्रे जुन्या पद्धतीची असतात. पोर्तुगालने मात्र नवी ग्रेगोरियन पद्धत १५८२ मध्येच घेतली होती, त्यामुळे गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरातल्या तारखा नव्या पद्धतीच्या. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचे अंतर होते. म्हणजे महाराजांचा जन्मदिवस इंग्रजी रीतीने १९ फेब्रुवारी, तर गोव्याच्या रीतीने १ मार्च. दिवस तोच, शुक्रवारही तोच. त्यातून तेव्हाच्या इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे, म्हणून त्यांच्या हिशोबी त्या फेब्रुवारीत अजून १६२९ च चालू होते. फारसी कागदात हिजरी सन येतो. ते वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचे, आणि त्यातला दिवस सूर्यास्ताला बदलतो. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याची पोर्तुगीज कागदपत्रे मराठ्यांच्या इतिहासासाठी खुली केली, तेव्हा ती मराठी आणि इंग्रजी कागदांच्या शेजारी मांडण्यापूर्वी प्रत्येक वेळी हे दहा दिवस आठवावेच लागत. दोन साधनांत भांडण आहे असे वाटते तिथे पुष्कळदा फक्त दोन कॅलेंडरे असतात.

सगळे एकच गोष्ट पाहत नाहीत

राज्याभिषेकाचे उदाहरणही बोलके आहे. शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शनिवार, म्हणजे इंग्रजांची ६ जून १६७४. त्या वेळी हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील रायगडावर हजर होता. तो परका होता, धर्मविधीतले बारकावे त्याला कळण्यासारखे नव्हते, आणि तो आला होता तो व्यापाराचा तह करण्यासाठी. म्हणून त्याच्या लेखनात दरबार, नजराणे आणि तहाची कलमे नीट दिसतात. कृष्णाजी अनंत सभासद हा आपला माणूस. त्याने १६९७ च्या सुमारास जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली. त्याला गड, कारखाने, माणसे आणि कारभार ठाऊक होता. पण सोहळ्याचा खर्च एक कोट बेचाळीस लक्ष होन असे तो सांगतो, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा उचलायला इतिहासकार कचरतात. बखरीतली माणसे खरी असतात, मोठे आकडे तपासून घ्यावे लागतात.

आता एखाद्याने ऑक्झेंडनचे वर्णन आणि सभासदाचे वर्णन घेऊन त्यांचा एकच गोड परिच्छेद केला, तर वाचायला तो छान होईल. पण कोणते वाक्य कुणाचे हे त्यात पुसले जाईल. पुढच्याला ऑक्झेंडनचे डोळे आणि सभासदाचा अभिमान वेगळे करता येणार नाहीत. चांगला अभ्यासक म्हणून लिहितो, की दरबाराचे वर्णन इंग्रज वकिलाचे, खर्चाचा आकडा सभासदाचा, तिथी शकावलीची. वाचकाला थोडे अडखळल्यासारखे होते, पण जोड कुठे आहे ते दिसते. आमच्या बांधकामात भेगेवर गिलावा फिरवून ती लपवणाऱ्या कंत्राटदाराची जी किंमत, तीच साधनांतला विरोध लपवणाऱ्या लेखकाची.

आणि एक चूक तर कधीच करू नये, ती म्हणजे सरासरी काढण्याची. कुणी १६२७ म्हणतो, कुणी १६३०, मग ‘१६२८-२९ च्या सुमारास’ लिहून सगळ्यांना खूश ठेवावे, असे सभेत पुष्कळदा सुचवले जाते. ते साल एकाही कागदात नसते. दोन साक्षीदारांचे मन राखायला आपण तिसरा, खोटा साक्षीदार उभा करतो.

हे काम आपल्या गावाला नवे नाही. येथील प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तयार केली. १९६० ते १९७५ या काळात तिचे सात कांडांचे खंड बाहेर पडले. देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या, निरनिराळ्या लिपींतल्या पोथ्या समोर ठेवून एकेका श्लोकाचा पाठ ठरवायचा, आणि जो पाठ घेतला नाही तोही खाली टिपेत द्यायचा, अशी ती रीत आहे. पोथ्या मोजायच्या नाहीत, कोणती कोणत्या पोथीवरून उतरली ते पाहून तोलायच्या. दांडिया बाजारातून आपण रोज जातो, पण आपल्या शेजारी हे काम झाले याची आठवण फारशी ठेवत नाही.

जन्मतारखेच्या प्रश्नावरही सगळे एका दिवसात एक झाले नाहीत. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीतही पूर्वी एकमत झाले नव्हते. पुढे शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत मानली. तरीही पुष्कळ मंडळी तिथीनेच, फाल्गुन वद्य तृतीयेला शिवजयंती करतात. त्यात काही वावगे नाही. शकावली आणि शिवभारत दोन्ही तीच तिथी सांगतात. शासननिर्णयाने सुट्टी ठरते. तारीख मात्र पुराव्याने ठरलेली असते, आणि पुरावा पुन्हा पाहायला कुणालाही मज्जाव नसतो.

आता आमची गोष्ट

एवढे शिकून आम्ही आमच्या मंडळाच्या कागदांकडे वळलो. चार साधने हाती लागली.

पहिली दारावरची पाटी. ती १९७० च्या स्मरणिकेची झेरॉक्स, म्हणून वेगळी धरली नाही.

दुसरा सार्वजनिक न्यासाच्या नोंदणीचा दाखला, साल १९५३. कबूल करायला हवे, की शिक्का पाहताच आमचे मन तिकडे झुकले. सरकारी माणसाला शिक्क्याचा मोह असतो. एका बैठकीपुरते आम्ही १९५३ वर एकमतही करून टाकले. मग शिक्षिकाबाईंनी विचारले, “हा कागद कशाचा दाखला आहे?” तो मंडळ कचेरीत गेल्याचा दाखला आहे, गणपती बसल्याचा नाही. बडोदे संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झाले, त्यानंतर १९५० चा न्यास कायदा आला आणि जुन्या मंडळांनाही नोंदणी करावी लागली. दाखला खरा होता, पण आमच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

तिसरे साधन म्हणजे पोळीतल्या नव्वदीच्या आजी. त्या म्हणाल्या, “मी बारा वर्षांची होते रे. त्या साली झेंडावंदन झालं, पेढे वाटले, आणि मग महिन्याभरानं आपला गणपती बसला. आरास तिरंगी होती.” आम्ही विचारले, “आजी, तुम्हाला नक्की पहिलंच वर्ष आठवतंय ना?” तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “पहिलंच की दुसरं, ते देवाला ठाऊक. तिरंगी होती एवढं खरं.” आठवणीचे असेच असते. चित्र पक्के असते, साल डगमगते. दुसऱ्या एका काकांचे म्हणणे, “तेव्हा गायकवाडी होती.” तेही खरेच, पण गायकवाडी १९४६ लाही होती आणि १९४७ लाही. त्यांची साक्ष खोटी नव्हती, पण निवाडा करायला पुरेशी नव्हती.

चौथे साधन रौप्यमहोत्सवाच्या जुन्या फायलीत सापडले. शहरातल्या एका गुजराती कापडवाल्याच्या चोपड्यातल्या पानाची हाताने उतरवलेली नक्कल होती. मूळ चोपडाही त्यांच्या घरी निघाला, दर दिवाळीला पूजा होऊन माळ्यावर जपलेला. मंडपाच्या कापडाची उधारी, मंडळाच्या नावाने नवे खाते, तारीख संवत २००३ ना भादरवा सुद २, मंगळवार. नकलेच्या समासात, स्मरणिकेचे तेव्हाचे संपादक आणि मंडळाचे दीर्घकाळचे चिटणीस यांच्या सुरेख अक्षरात लिहिले होते, सं. २००३ म्हणजे इ. स. १९४६.

चूक तिथेच होती. गुजरातचे संवत दिवाळीनंतर, कार्तिकात बदलते. दिवाळी ते डिसेंबर संवतातून ५७ वजा करायचे, पण जानेवारी ते दिवाळी ५६. भाद्रपद दिवाळीच्या आधी येतो. २००३ वजा ५६ म्हणजे १९४७. आम्ही वारही तपासला. १९४७ मध्ये भाद्रपद शुद्ध द्वितीया १६ सप्टेंबरला, मंगळवारीच होती. १९४६ मध्ये ती मंगळवारी नव्हतीच. आजींची तिरंगी आरास, काकांची गायकवाडी आणि कापडवाल्याचे नवे खाते, तिघेही त्या मंगळवारी येऊन भेटले.

आनंद व्हायला हवा होता, पण झाला तो संकोच. ते चिटणीस आज हयात नाहीत. मंडळ त्यांनी उभे केले, असे म्हटले तरी चालेल. त्यांचे चिरंजीव कार्यकारिणीत आहेत. त्यांना कसे सांगायचे, यावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. एकाने सुचवलेही, की राहू द्या, एका वर्षाने काय होते? पण मग हा लेख लिहिण्याचा हक्क आम्हाला राहिला नसता. शेवटी नक्कल घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी वडिलांचे अक्षर ओळखले आणि बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “बाबांची वजाबाकी चुकली. पण त्यांनी कापडवाल्याकडे जाऊन चोपडा पाहिला होता. आपण पन्नास वर्षं नुसती पाटी वाचली.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी समासात आपला हिशोब लिहून ठेवला, म्हणून तर चूक आम्हाला सापडली. नुसते १९४६ लिहून नक्कल फेकून दिली असती, तर आम्हीही तेच साल पुढे चालवले असते.

कार्यकारिणीने ठरवले ते असे. ८० चा फ्लेक्स यंदा लावायचा नाही. खजिनदारांनी पैशांबद्दल कुरकूर केली, मग तो पुढच्या वर्षासाठी गुंडाळून ठेवायचे ठरले, तेव्हा ते शांत झाले. यंदाचे वर्ष ७९ वे. दारावरची पाटी काढायची नाही, तिच्याखाली छोटी पट्टी लावायची. साल १९४७, आधार कापडवाल्याचा चोपडा, संवत २००३, भादरवा सुद २. काही सभासदांचे म्हणणे असे, की उत्सव १९४७ चा असला तरी पहिली बैठक १९४६ मध्ये झाली असेल. असेलही. तसा कागद कुणाकडे निघाला तर आम्ही तोही घेऊ, आणि पट्टीवर आणखी एक ओळ वाढवू. म्हणून त्यांचे मतही मंडळाच्या वहीत त्यांच्या नावाने लिहून ठेवले आहे.

वाचकहो, दिवाळीची साफसफाई आता फार दूर नाही. माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या पावत्या, लग्नपत्रिका, कुंडल्या, मनीऑर्डरचे कूपन, संस्थानी काळातली नोकरीची पत्रे असतील. ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा मंडळात आणून दाखवा. मूळ कागद तुमच्याकडेच राहील, आम्ही मोबाईलवर फोटो घेऊ. फोटोच्या मागे-पुढे एवढेच लिहू, की कागद कुणाच्या घरचा, कुठे सापडला, त्यावरची तारीख कोणत्या पंचांगाची. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून काढाल तेव्हा त्या कुणी सांगितल्या, हेही एका ओळीत लिहा. शंभराव्या वर्षी स्मरणिका काढणारी मुले आज बालवाडीत आहेत. आमचीही वजाबाकी कुठे चुकली असेल तर ती त्यांना सापडावी, एवढ्यासाठी आम्ही आमचा हिशोब या लेखाच्या समासात नव्हे, भर मजकुरात मांडून ठेवला आहे.

विद्येच्या दैवताच्या उत्सवात याहून वेगळा नैवेद्य आम्हाला सुचला नाही. गणपती बाप्पा मोरया!